वाळीत टाकलेल्या म्हशी

आमच्या गावाने एका उन्हाळ्यात अकरा म्हशी आणि एक रेडा वाळीत टाकला. माणसाला वाळीत टाकणं आमच्याकडे नवीन नाही. माझ्या सासऱ्यांना दोन वर्षं टाकलं होतं. होळीत पहिला नारळ कोणी टाकायचा यावरून त्यांनी भांडण काढलं होतं. त्या दोन वर्षांत आमच्या घरी कोणी विस्तव मागायलासुद्धा आलं नाही. सासूबाई म्हणायच्या, लग्न होऊन आल्यापासून एवढी शांत झोप मला कधी लागली नव्हती.

पण जनावरांना वाळीत टाकलेलं मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं.

आमचं गाव आगरदांड्याच्या धक्क्यापासून रिक्षाने अर्धा तास आत, डोंगराच्या पायथ्याशी. गावाला एक तळं आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या तळ्यात म्हशी डुंबायच्या, बायका धुणं धुवायच्या आणि उन्हाळ्यात तळाशी जो चिखल राहायचा त्यात पोरं मासे पकडायची. भात कापून झालं की शेतं मोकळी. मग पाऊस पडेपर्यंत कोणाचंही जनावर कोणाच्याही शेतात चरलं तरी कोणी विचारत नव्हतं. वाल लावला असेल तर त्याला वई घालायची, म्हणजे काट्यांचं कुंपण. बस, एवढाच नियम.

मग कलिंगडं आली. गावकीचा अध्यक्ष माझा चुलत पुतण्या लागतो. त्याने पहिल्यांदा तळ्याकाठच्या शेतात कलिंगडं लावली, तळ्यात पंप टाकला आणि पीक बरं आलं. पुढच्या वर्षी तळ्याकाठी नऊ पंप झाले. तळ्यात इतक्या नळ्या गेल्या की धुणं धुवायला बसलं तर पाय कुठे ठेवायचा हा प्रश्न. चैत्र लागला की पाणी खाली आणि नऊ पंपांची तोंडं चिखलात. त्यात म्हशी बसल्या की पंपाच्या तोंडाशी गाळ जमायचा आणि पंप नुसता भुर्र करत राहायचा.

म्हशी वरच्या होत्या. डोंगरात गवळ्यांची तीन घरं आहेत, त्यांतली दोन बंद. माणसं पनवेलकडे गेली. तिसऱ्या घरात एक गवळीण एकटी राहते, माझ्याच वयाची. गावाला दूध तीच घालते. आमचं दोघींचं फार प्रेम आहे असं नाही. तिचं दूध चांगलं आणि तोंड वाईट. वरचा झरा चैत्रात आटतो, तेव्हा ती म्हशी खाली तळ्यावर आणते. तिची सासू आणायची, सासूची सासू आणायची. पाऊस येईपर्यंत दिवसातून एकदा. त्याला कोणाची परवानगी लागते हे तिला माहीतच नव्हतं.

त्या वर्षी चैत्रात एका सकाळी मी ओटीवर वाल निवडत बसले होते. समोरून तिची एक म्हैस एकटीच चालत आली. तोंड लालभडक, हनुवटीवरून लाल गळतंय. शेजारीण बाहेर आली आणि किंचाळली, "म्हशीनं कोणाला तरी खाल्लं!"

म्हैस माणूस खात नाही हे शेजारणीला माहीत आहे, तिच्या माहेरी म्हशी होत्या. पण एकदा किंचाळल्यावर माघार कशी घ्यायची? अर्धा गाव जमला. कोण घरात आहे, कोण नाही, याची मोजदाद सुरू झाली. एक म्हातारा सापडेना, तर त्याच्या सुनेने रडायला सुरुवातही केली. तो विहिरीमागे विडी ओढत बसला होता. तेवढ्यात अध्यक्ष पळत आला. हातात कलिंगडाचं अर्धं साल.

"सतरा फळं!" तो म्हणाला. "सतरा फळं फोडली त्या रांडेनं. आणि एकही पुरं खाल्लं न्हाय. चावायचं आणि पुढं जायचं!"

"मग बियाणं बदल," मी म्हटलं.

"काकी, तुम्ही मधे बोलू नका."

रविवारी सकाळी देवळात गावकी बसली. आमच्यात घरटी एक माणूस बसतो, त्याला उंबरा म्हणतात. माझा नवरा गेल्यापासून आमच्या उंबऱ्याची मी बसते. पण बाई असल्यामुळे पायरीवर. तिथून ऐकू सगळं येतं आणि वारा चांगला लागतो.

अध्यक्ष म्हणाला, गवळणीला वाळीत टाकायचं. सगळ्यांनी माना हलवल्या. तेव्हा आमचे पेन्शनर भाऊजी उठले. हे माझे लांबचे दीर. मुंबईत एका कचेरीत कारकून होते, रिटायर होऊन गावी आले. गावकीचं दप्तर त्यांच्याकडे असतं आणि चष्मा गळ्यात दोरीने बांधलेला असतो.

"थांबा," भाऊजी म्हणाले. "आता माणसाला वाळीत टाकता येत नाही. कायदा झालाय. पोलीस येतात. अख्खी गावकी आत जाईल."

आत जायला कोणी तयार नव्हतं, कलिंगडं काढणीला आली होती.

"मग काय, तिची पूजा करायची?" अध्यक्षाने विचारलं.

भाऊजींनी चष्मा लावला, काढला, परत लावला. "कायद्यात माणूस असं लिहिलंय," ते म्हणाले. "म्हशीबद्दल काही लिहिलेलं नाही."

आणि झालं. मी पायरीवरून म्हटलं, "अहो भाऊजी, म्हशीला कळणार कसं तिला वाळीत टाकलंय ते?" पण तोवर हात वर झाले होते.

खरी गंमत पुढेच आहे. भाऊजींना नवा ठराव लिहायचा कंटाळा आला. त्यांनी दप्तरातून माझ्या सासऱ्यांचा जुना ठराव काढला, तो तसाच उतरवला, आणि सासऱ्यांचं नाव होतं तिथे 'डोंगरावरील गवळीवाड्यातील म्हशी' असं घातलं. मग देवळात उभं राहून मोठ्याने वाचलं. सदर म्हशींना गावातील पाणवठ्यावर पाणी भरू देऊ नये. सदर म्हशींशी कोणी बोलू नये. सदर म्हशींच्या घरचे काही खाऊ-पिऊ नये. सदर म्हशींशी कोणी सोयरीक करू नये. सदर म्हशींच्या मयताला कोणी खांदा देऊ नये.

कोणी हसलं नाही. मी आजूबाजूला बघत होते. सगळे हात जोडून ऐकत होते, कारण ठराव देवासमोर वाचत होते.

त्याच दुपारी तळ्याच्या उताराला काटेरी वई घातली. नऊ घरांनी आळीपाळीने तिथे माणूस बसवायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी म्हशी खाली आल्या, वईपाशी थांबल्या आणि पाण्याकडे बघत उभ्या राहिल्या. म्हशीला घाई नसते. तासभर उभ्या राहून मग त्या बाजूच्या कलिंगडांत शिरल्या.

शेतात अध्यक्षच होता. त्याने तोंड उघडलं, आणि बांधावर बसलेले भाऊजी ओरडले, "बोलायचं नाही! ठराव आहे!"

"मी हाकलतोय!"

"हॅ म्हणणं हे बोलणंच झालं. तूच अध्यक्ष, तूच ठराव मोडलास तर गावानं काय करायचं?"

मग मी जे पाहिलं ते मरेपर्यंत विसरणार नाही. अध्यक्षाने खांद्यावरचा पंचा काढला आणि तोंड घट्ट मिटून म्हशींसमोर उड्या मारायला लागला. पंचा डावीकडून फिरव, उजवीकडून फिरव, मधेच गुडघ्यावर बस, परत उठ. शब्द नाही तोंडातून. म्हशी कलिंगड चावत त्याच्याकडे बघत राहिल्या. एक तर चावायची थांबली आणि जवळ आली. तिला वाटलं, हा पंच्यात काहीतरी खायला घेऊन आलाय.

शिवाय घरोघर दूध बंद. पिशवीचं दूध म्हसळ्याहून यायला दुपार व्हायची, आणि आलं तरी फाटलेलं. सकाळी गावात कोरा चहा. अध्यक्षाला कोऱ्या चहाने पित्त होतं. त्याची बायको विहिरीवर मला म्हणाली, "काकी, हे वाळीत म्हशींना टाकलंय का आम्हाला, तेच कळत न्हाय."

मग कोणीतरी शंका काढली की शेण वाळीत आहे की नाही. कलिंगडाच्या खड्ड्यांत खत तिच्याच गोठ्यातलं होतं. 'सदर म्हशींच्या घरचे काही खाऊ-पिऊ नये' असं ठरावात होतं. मग त्या खतावर पोसलेलं कलिंगड खाल्लं तर? यावर दोन दिवस वाद चालला. शेवटी भाऊजींनी निकाल दिला की शेण मागच्या वर्षीचं आहे आणि ठराव या वर्षीचा, म्हणून कलिंगड शुद्ध.

पुढच्या रविवारी दुसरा ठराव झाला: म्हशींना हाकलण्यासाठी काढलेला आवाज हे बोलणे समजू नये, मात्र त्यात शब्द नसावा.

तोवर माझ्याही दाराशी हे आलं. माझी एक म्हैस आहे. मी तिला तळ्यावर घेऊन गेले, तर वईपाशी बसलेला माणूस उठला.

"आत्ये, ही डोंगरातली न्हाय का?"

"सात वर्षांपूर्वी डोंगरातून आणली. आता माझी आहे."

"पण जन्म तिथला. ठरावात गवळीवाड्यातील म्हशी असं लिहिलंय."

"तुझी आई रोह्याची. तिला आम्ही रोह्याला पाणी प्यायला पाठवतो काय?"

तो बाजूला झाला, पण तक्रार गावकीत गेली. परत देवळात बैठक. आणि मग कळलं की गावात ज्या काही म्हशी आहेत त्या जवळजवळ सगळ्या त्याच गवळणीच्या गोठ्यातून आलेल्या आहेत. अध्यक्षाच्या दावणीची म्हैस तर तिच्या पांढऱ्या कपाळाच्या म्हशीची सख्खी लेक. अध्यक्षाने मान खाली घातली. भाऊजींनी वहीत एकेका म्हशीची आई, आजी, पणजी लिहायला सुरुवात केली. म्हशींची कुळं निघाली. दोन घरांत म्हशी मावसबहिणी आहेत हे त्या दिवशी पहिल्यांदा समजलं, आणि ती दोन घरं आपापसांत बोलत नव्हती.

शेवटी अध्यक्षानेच तोड काढली. "पोरगी लग्न होऊन सासरी आली की सासरची होते की न्हाय? कूळ सासरचं, नाव सासरचं. तसंच म्हशीचं. एकदा गावात दिलेली म्हैस सासरची. ती गावाची."

"वा!" सगळे म्हणाले. प्रत्येकाच्याच म्हशीचं पाणी वाचलं.

"मग तिला तळ्याचं पाणी?" मी पायरीवरून विचारलं.

"हक्काचं."

"असं लिहून घ्या, भाऊजी. आणि वाचून दाखवा."

भाऊजींनी लिहिलं आणि वाचलं. एकदा गावात दिलेली म्हैस सासरची समजावी व तिला गावच्या तळ्याच्या पाण्याचा हक्क राहील. ठराव तिसरा. मी चौथी पास आहे, मला वाचता येतं, तरीही मी तो दोनदा वाचायला लावला.

त्या वेळी माझ्या डोक्यात काही नव्हतं, खरं सांगते. मला फक्त माझ्या म्हशीचं पक्कं करून घ्यायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डोंगरावर गेले. मला गवळणीची दया आली होती असं कोणी समजू नये. माझी म्हैस माजावर यायच्या बेतात होती आणि आसपास रेडा एकच, तिचा. गवळीण झऱ्याच्या पात्रात बसली होती. तिथे तिने हातभर खोल खड्डा खणला होता, आम्ही त्याला डवरा म्हणतो. त्यात झिरपलेलं पाणी ती वाटीने बादलीत भरत होती. एक वाटी भरायला जितका वेळ लागतो तितक्यात माझं एक पान खाऊन झालं. मागे अकरा म्हशी आणि रेडा. म्हशींच्या कमरेची हाडं वर आली होती. पांढऱ्या कपाळाची खाली बसली होती आणि उठत नव्हती.

"आलीस?" गवळीण म्हणाली. "गावानं पाठवलं व्हय बघायला, मेल्या का म्हणून?"

"गावाला काय पडलंय. माझ्या म्हशीला रेडा लागंल आठ दिवसांत."

"आठ दिवसांत न्हाय मिळायचा. मंगळवारी व्यापारी टेम्पो घेऊन येतोय. अख्खा गोठा नेणार हाय."

"आणि तू?"

"पोरगा बोलवतोय कळंबोलीला. चौथा मजला. म्हणतो, आये, नळाला पाणी हाय. म्हटलं, म्हशी आणू? तर म्हणतो सोसायटी ऐकणार न्हाय." तिने वाटी बादलीत उपडी केली. "तिथं बसून काय करू मी? खिडकीतून ट्रक बघू?"

ती रडत नव्हती आणि मला सांत्वन करता येत नाही. मी आपलं बोलायचं म्हणून कालच्या बैठकीतली गोष्ट सांगितली. म्हशींची कुळं, मावसबहिणी, सासर. मला वाटलं हसेल.

ती हसली नाही. वाटी हातात तशीच धरून म्हणाली, "परत सांग. काय लिहिलं?"

"एकदा गावात दिलेली म्हैस सासरची."

"दिलेली. विकलेली असं न्हाय लिहिलं?"

"दिलेली."

"व्यापारी किती वाजता येतो मंगळवारी ते म्हाईत हाय? दहाला." ती उठली. गुडघे कडकड वाजले. "तुझ्या माडाला नारळ किती हायेत गो?"

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. वाळीत टाकलेल्याला परत गावात यायचं असेल तर तो देवळात येतो आणि गावकीपुढे नारळ ठेवतो. गावकीने नारळ घेतला की माफी झाली, वाळीत उठलं. आणि पोरीचं लग्न ठरवायचं असलं तरी नारळच देतात. मुलाकडच्यांनी नारळ हातात घेतला की सोयरीक झाली, मग माघार नाही. नारळ तोच. कशाचा आहे ते देणाऱ्याने सांगायचं असतं. आणि हातात ठेवलेला नारळ आमच्याकडे कोणी परत करत नाही, घर बुडतं म्हणतात.

मंगळवारी सकाळी आठ वाजता ती खाली आली. पुढे ती, मागे अकरा म्हशी, त्यांच्या मागे रेडा. म्हशींची शिंगं तेलाने चोपडलेली. पांढऱ्या कपाळाची कशी उठली कोण जाणे, पण चालत होती. गवळणीच्या डोक्यावर पोतं, त्यात माझ्या माडाचे अकरा नारळ.

देवळापुढे गावकी जमली. बातमी आधीच पोचली होती, गवळीण माफी मागायला आली. अध्यक्षाने धुवट सदरा घातला होता.

"म्हशी कशाला आणल्यास?" त्याने विचारलं.

"वाळीत त्याच हायेत, मग माफी कोण मागणार?" गवळीण म्हणाली. "मी त्यांच्या वतीनं आलेय. त्यांना वाचा न्हाय."

हे सगळ्यांना पटलं. भाऊजींनी तर मान डोलावली. तिने पहिला नारळ अध्यक्षाच्या ओंजळीत ठेवला. तो खूश झाला, कपाळाला लावला. मग तळ्यात ज्यांचे पंप होते त्या बाकीच्या आठ घरांना एकेक. प्रत्येकाने घेतला. दोन उरले. एक तिने भाऊजींना दिला आणि एक मला. माझ्या घरचा नारळ मलाच परत. अध्यक्षाने तर लगेच पायरीवर आपटून फोडला आणि खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला.

"माफ केलं," तो चावत म्हणाला. "वाळीत उठलं. पण तळ्यावर म्हशी आणायच्या न्हाईत हा शब्द दे."

"माझ्या म्हशी आणायची न्हाय," गवळीण म्हणाली. "देवासमोर सांगते." मग कनवटीची कुंकवाची पुडी काढून माझ्याकडे वळली. "लाव गो."

"मी विधवा आहे."

"म्हशीला कोण सांगणार हाय?"

मी पांढऱ्या कपाळाच्या म्हशीला कुंकू लावलं. तिथे छान दिसतं. गवळणीने तिची दोरी अध्यक्षाच्या हातात दिली.

"व्याही," ती म्हणाली, "ही तुमची सून. नारळ घेतलात, फोडलात, खाल्लात. आता सांभाळा."

अध्यक्षाच्या तोंडातलं खोबरं तसंच राहिलं. ती पुढच्या घराकडे गेली. दुसरी म्हैस, दुसरी दोरी. "ही तुमची." तिसरी. "ही जरा तापट हाय, पण कामाला चांगली." चौथी. "हिला भाकरी आवडते." मी मागून कुंकू लावत चालले होते. लोक दोऱ्या हातात घेऊन नुसते उभे. एकानेही टाकली नाही, सोयरिकीच्या वेळी दोरी टाकली तर काय होईल हे कोणालाच माहीत नव्हतं.

"हरकत आहे!" भाऊजी ओरडले. "पहिल्या ठरावात सोयरीक करू नये असं स्पष्ट आहे."

"भाऊजी," मी म्हटलं, "वाळीत उठलं असं अध्यक्ष आत्ताच म्हणाले. खोबरं खाताना. आता तिसरा ठराव वाचा."

त्यांनी दप्तर उघडलं, वाचलं आणि चष्मा गळ्यात सोडला. त्यांच्या दुसऱ्या हातात म्हैस होती.

"हक्काचं पाणी," ते हळूच म्हणाले. "लिहिलंय तसं."

अध्यक्ष भानावर आला. "ठीक हाय! म्हैस माझी ना? मग दूधही माझं. आजपासून मी काढणार."

गवळीण कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "सुनेचं दूध सासरा काढतो, असं कुठं बघितलंत व्याही?"

बायका इतक्या हसल्या की अध्यक्षाची बायको खाली बसली. पुरुष आधी हसले नाहीत, मग एकाला ठसका लागला आणि सगळेच हसले. अध्यक्षाचा चेहरा कलिंगडासारखा झाला.

"आणि रेडा?" तो म्हणाला. "तो कोणाची सून?"

"तो पाठराखीण," गवळीण म्हणाली. "पोरगी पहिल्यांदा सासरी जाते तर सोबत कोणी लागतं की नको?"

म्हशींनी पुढचं काही ऐकलं नाही. त्यांना पाण्याचा वास आला होता. अकराच्या अकरा दोऱ्या हातांतून सुटल्या आणि म्हशी धावत सुटल्या. म्हैस धावते तेव्हा बाजूला व्हायचं असतं. वईपाशी बसलेला माणूस बाजूला झाला, वई झाली नाही. म्हशी काट्यांसकट तळ्यात गेल्या आणि नुसती नाकं बाहेर ठेवून बसल्या. नऊ पंप भुर्र करून बंद पडले. गवळीण काठावर बसली. तिने पायातल्या चपला काढल्या आणि पाय पाण्यात सोडले.

दहाला व्यापाऱ्याचा टेम्पो आला. गवळीण म्हणाली, माझ्याकडे काही न्हाय बाबा, सगळ्या उजवल्या. तो शिव्या द्यायला लागला. रिकामा टेम्पो परत कसा न्यायचा? शेवटी अध्यक्षाने त्यात कलिंगडं भरली, उरलेली सगळी. पंप बंद पडल्यावर ती ठेवून काय करायची होती? त्याला वाटतं त्यात त्याची हुशारी होती.

त्या उन्हाळ्यात म्हशी रोज तळ्यावर आल्या. संध्याकाळी गवळीण त्यांना घेऊन वर जायची. माहेरपणाला नेते म्हणायची. रोज माहेरपण. कोणी विचारलं तर म्हणायची, सासरी जाच होतो.

गावकीत हे संपलं असेल असं वाटेल, पण नाही. पावसाळ्याच्या शेवटी पांढऱ्या कपाळाची व्यायला आली. अध्यक्ष म्हणाला, आमची सून, पारडी झाली तर आमची. गवळीण म्हणाली, बाळंतपण माहेरी करायचं असतं. अध्यक्ष म्हणाला, बाळंतपण माहेरी, पण लेकरू सासरचं. भाऊजींनी चौथा ठराव लिहायला घेतला. अध्यक्षाची बायको कोणाला न विचारता मेथी आणि गूळ घालून शिजवलेली बाजरी घेऊन डोंगर चढली, म्हशीसाठी. तिला पिशवीच्या दुधाचा फार कंटाळा आला होता.

म्हैस व्यायली आणि रेडकू झालं. नर.

त्या दिवशी दुपारी अध्यक्षाने मला रस्त्यात गाठलं. "काकी, तुम्ही वर जाणार असाल तर सांगा तिला. लेकरू माहेरी जन्मलं. माहेरचंच. आमचा हक्क न्हाय."

मी वर जाऊन सांगितलं. गवळीण धार काढत होती. तिने मान वर केली नाही.

"नातू हाय त्यांचा," ती म्हणाली. "बारशाला पाळणा घेऊन या म्हणावं."

पाळणा कोणीच नेला नाही. जुना रेडा आता थकलाय, त्यामुळे हा राहिला ते माझ्या दृष्टीने बरंच झालं. गवळीण अजून वरच आहे. पोरगा फोन करतो, ती म्हणते, पुढच्या वर्षी. यंदा चैत्रात ती खाली आली तेव्हा म्हशींबरोबर हा नवा रेडाही होता, आता खांद्याने भरलेला, बापासारखा डोळा. वई पुन्हा घातलेली नाही, पण भाऊजी सवयीने तिथे बसलेले असतात, दप्तर मांडीवर घेऊन. मीही माझी म्हैस घेऊन तिथे आले होते.

"हा कोणाकडचा?" त्यांनी विचारलं. "तिसऱ्या ठरावात याचं काही नाही. हा गावात दिलेला नाही."

"मग त्यालाच विचारा," गवळीण म्हणाली.

भाऊजींनी त्याच्याकडे पाहिलं. तो पाण्यात शिरला होता. त्यांनी वही उघडली, काही न लिहिता मिटली आणि बाजूला सरकून मला बसायला जागा दिली.